कणगीवरची दोन पोरं

म्हातारा पास झाला तर रोहिदास गुरुजींच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. एक तर नीता. गुरुजींची ही लेक साखरशेतच्या एका मास्तरांच्या घरी दिल्यातच जमा होती, आणि त्या मास्तरांच्या बायकोने सुपारी कातरता कातरता विचारून ठेवलं होतं, "तुमच्यात कोणाच्या डोक्याचं काही नाही ना?" दुसरं, गुरुजींचं नाव. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या तपासणीला त्यांच्या शाळेचं एक पोर अडखळलं नव्हतं. मग खुद्द बाप अडखळला तर गावात, पोशेऱ्यात, तोंड कुठे दाखवायचं? शिवाय बाप शहाणा ठरला की घरात जे काही चाललं होतं ते चाललंच नव्हतं असं म्हणता येणार होतं, आणि गुरुजींना तेच सगळ्यात जास्त हवं होतं.

गुरुजींच्या बायकोला, पुष्पलताला, काय मिळणार होतं ते कोणी मांडलं नव्हतं. तिने स्वतः मांडून पाहिलं तेव्हा जमेच्या बाजूला काहीच येईना, म्हणून तिने तो विचार सोडून चहा ठेवला.

चहा नेहमी एक कप जास्तीचा ठेवावा लागे. कणगीवर दोन पोरं बसलेली असत.

ती फक्त सखाबाबांना दिसत. सखाबाबा म्हणजे गुरुजींचे वडील. सत्तरी ओलांडलेली, जन्म सगळा वरकस, भाताला न चालणाऱ्या उतारावर नागली म्हणजे नाचणी लावण्यात गेला, कधी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. दोनेक वर्षांपूर्वी त्यांना आतल्या खोलीतल्या भात साठवायच्या कणगीवर दोन पोरं दिसायला लागली. अर्ध्या चड्डीतली, पाय खाली सोडून बसलेली. बोलत नसत, काही मागत नसत. बाबांना त्यांची भीती वाटत नव्हती, काळजी वाटे.

"पुष्पे, पोरांना चहा दिलास का?"

"कुठली पोरं, बाबा?"

"आता ती काय, बसलीत नाय का. कवाधरनं बसलीत."

पहिले काही महिने पुष्पलता वाद घालत असे. वाद सकाळी सुरू होई आणि भाकऱ्या करपल्या की संपे. मग तिने एक कप कणगीवर ठेवायला सुरुवात केली. बाबा गप्प होत, तासाभराने तोच गार चहा ती स्वतः पिई. साखर थोडी जास्त लागू लागली, पण भांडण वाचलं. असा सौदा तिला परवडत होता.

न परवडणारी गोष्ट वेगळी होती. बाबांचे दिवस एकसारखे नव्हते. आज ते इतके लख्ख असत की कोणाची शेळी कोणत्या साली कोणाच्या वावरात शिरली आणि त्यावरून कोणाची सोयरीक मोडली, हे बसल्या जागी सांगत. उद्या त्याच माणसाला सदऱ्याची बाही सापडत नसे, अंगणातून मागच्या दारी जायची वाट उमजत नसे, मधेच कुठेतरी बघत बसत आणि हाक ऐकू जात नसे. चालताना पाय घासत, पाठ वाकलेली, हात अंगाला चिकटलेले. तिसऱ्या दिवशी परत लख्ख. "नाटकं आहेत," असं शेजारीण कोंडी म्हणायची. पुष्पलतालाही रागाच्या भरात एकदोनदा तसंच वाटून गेलं होतं.

आणि ती गोळी. एके दिवशी कणगीवरच्या पोरांना मारायला कोणीतरी बाप्या आला म्हणून बाबा विळा घेऊन उठले. गुरुजींनी तालुक्याच्या एका डॉक्टरला बोलावलं. त्याने शांत करायचं इंजेक्शन टोचलं आणि पुढे वेळ पडली तर द्यायला गोळ्या दिल्या. बाबा शांत झाले, ते असे की लाकडाचा ओंडका बरा. मान वळेना, तोंडातून लाळ गळे, पेज घशाखाली उतरेना. चार-पाच दिवसांनी कुठे हातपाय सुटले. सगळं गाव म्हणालं, औषध लागू पडलं.

"लागू पडलं म्हणजे काय हो?" पुष्पलताने विचारलं. "बाबा हलत नाहीत."

"ओरडत तर नाहीत ना," गुरुजी म्हणाले.

त्यानंतर बाबांनी आवाज चढवला की गोळी आणि गोळी दिली की ओंडका, असं चक्र सुरू झालं. प्रत्येक फेऱ्यात पाय थोडे जास्त जखडत आणि थोडे कमी सुटत. गोळीविना आठवडा गेला की बाबा परसापर्यंत चालत जात. हे पुष्पलताला दिसत होतं. तिने नवऱ्याला सांगितलं. "तू डॉक्टरपेक्षा शहाणी झालीस का?" असं उत्तर आलं. घराघरांत अशाच वेळी येणारं उत्तर, तेही आवाज न चढवता, पुस्तकातल्या भाषेत.

शेवटी नाशिकला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, तेही नीताने जव्हारहून हट्ट धरला म्हणून. ती तिथे कॉलेजात होती आणि आजोबांना गोळी दिलेली तिने एकदा पाहिली होती. गुरुजींना नाही म्हणता येईना. पण तपासणी म्हटल्यावर गुरुजींच्या अंगात जे संचारतं ते संचारलं. खोडाळ्याच्या बाजारात त्यांना एक मास्तर भेटले. त्यांच्या आईला त्याच डॉक्टरकडे नेलेलं होतं. त्यांच्याकडून गुरुजींनी सगळे प्रश्न काढून आणले. पेपर फुटला म्हणा ना. साल, महिना, वार, गावाचं नाव. तीन वस्तू लक्षात ठेवून मागाहून सांगायच्या. शंभरातून सात-सात वजा करायचे. आणि घड्याळ काढायचं.

शाळा सुटली की अंगणात पाटी घेऊन शिकवणी सुरू झाली.

"बाबा, महिना कोणता?"

"नागली कापायचा."

"महिना ऑक्टोबर. म्हणा."

"तू म्हटलंस ना आता."

"तुम्ही म्हणा."

"दोघांनी म्हणून काय होतंय रं? कापायची ती कापायचीच."

पुष्पलता आतून ऐकत होती. हसावं की पाटी फोडावी हे तिला ठरवता येत नव्हतं. घड्याळाचा तर अगदी छळ झाला. गोल बाबा भाकरीसारखा काढायचे, पण आकडे सगळे एका कडेला गर्दी करून बसायचे, बाकी गोल मोकळा. गुरुजींनी त्यांचा हात धरून गिरवून घेतलं. पहिलीच्या पोराकडून श्री गिरवून घ्यावा तसं. अकरा वाजून दहा मिनिटं, रोज तेच. दिवाळीपर्यंत बाबांच्या हाताला ते एक घड्याळ बसलं, निदान बऱ्या दिवशी तरी.

"आजार दाखवायला नेतात का बरेपण?" पुष्पलताने एकदा विचारलंच.

"निष्कारण कमी गुण पडू नयेत एवढंच. डॉक्टर बघतील ना खरं काय ते."

"त्यांनी काय बघायचं ते तुम्हीच सारवून ठेवलंय."

नाशिकचा ठरलेला दिवस उजाडला तर बाबांचा धुक्यातला दिवस. गुरुजींनी फाट्यावरच्या पीसीओवरून फोन करून तारीख पुढे ढकलली. पुढच्या तारखेलाही तसंच. तपासणीच्या दिवशी हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवायची आणि बाकीच्यांना घरी ठेवायचं, ही शाळेतली जुनी रीत. इथे गुरुजी बापाचे दिवस निवडून पुढच्या बाकावर बसवत होते. अखेर एक लख्ख दिवस मिळाला. निघताना गुरुजींनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून फळीवर ठेवलं.

"असू दे ना. सगळी औषधं आणा म्हणालेत," पुष्पलता म्हणाली.

"हे दाखवलं की कशासाठी ते विचारतील. ते विचारलं की पोरं निघतील. तू पोरांचं काढायचं नाहीस. नीताचा विचार कर."

तिने नीताचा विचार केला आणि पाकीट फळीवरच राहू दिलं.

नाशिकला मेंदूच्या डॉक्टर एक बाई निघाल्या. आवाज हळू, मान तिरकी करून ऐकायची सवय. त्यांनी बाबांना प्रश्न विचारले. बाबांनी साल सांगितलं, ऑक्टोबरचा नोव्हेंबर केला, कारण येताना एसटीत गुरुजींनी तेवढी दुरुस्ती करून घेतली होती. तीन वस्तू सांगितल्या. घड्याळ काढलं, अकरा वाजून दहा. बाईंनीही नेमकं तेच सांगितलं होतं. मग त्या गडगडणाऱ्या यंत्रात झोपवून मेंदूचा फोटो झाला. यंत्रातून बाहेर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आत गिरण चालू होती, पीठ कुठं पडत होतं काय कळलं नाय."

बाईंनी फोटो काचेवर लावला. "गाठ नाही. रक्त साकळलेलं नाही. आत पाणी भरलेलं नाही. बारीक झटके येऊन गेल्याचे डाग नाहीत. आणि हा आठवणीचा भाग, विसरण्याच्या नेहमीच्या आजारात हा आधी आक्रसतो. यांचा चांगला आहे." फोटोत काही सापडलं नाही याचं त्यांना समाधान दिसत नव्हतं. "यांना कधी नसलेली माणसं वगैरे दिसतात का?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"एक दिवस बरा, एक दिवस अगदी वाईट, असं?"

"तसं काही नाही. एकसारखे असतात."

"झोपेत हातपाय झाडतात? ओरडतात?"

"झोप उत्तम आहे."

पुष्पलताने नवऱ्याकडे पाहिलं. तिची सासू जिवंत होती तोवर वीस वर्षं चुलीपाशी झोपली, कारण बाबा झोपेत रानडुकरं हाकत आणि लाथ तिला बसे. हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बाई आता तिच्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा ताई, घरात तुम्हीच असता ना?"

पुष्पलताने पदर सारखा केला. "आहेत बरे," ती म्हणाली.

"मग ठीक. वयाचं असेल, मन उदास असेल. पाच महिन्यांनी परत आणा."

पोशेऱ्यात पेढे वाटायचे तेवढे राहिले. पास झाले, बाबा पास झाले. गोळ्यांचं पाकीट फळीवरून खाली आलं आणि गुरुजींना आता गोळ्या द्यायला आणखी मोकळं झालं. नाशिकच्या डॉक्टरनेच बाबांना काही नाही म्हटलं होतं, मग ओरडणं म्हणजे नुसता हेका. होळीच्या सुमारास कणगीवरच्या पोरांना मारायला तो बाप्या परत आला. बाबांनी हातातली काठी फिरवली, ती मडक्यांवर बसली. या वेळी गोळी नाही, तालुक्याच्या डॉक्टरचं इंजेक्शन. बाबा पडले ते पडलेच. दातखीळ बसल्यासारखं तोंड, चमचा आत जाईना, ताप. त्यांना परसाला न्यायला शेजारचा मंगळ्या लागे. मजुरीवरून येता-जाता तो बाबांना पोत्यासारखं उचलून न्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, बाबा गेल्या साली माझ्यापुढं नागली खुरपत होते." चैत्र लागला तेव्हा बाबा भिंतीला धरून उभे राहू लागले, पण उजवा पाय उचलला जाईना, तो ओढावा लागे.

नाशिकची तारीख आली तेव्हा निवडणूक होती आणि गुरुजींना प्रशिक्षणासाठी तालुक्याला बोलावलेलं. जाताना त्यांनी बजावलं, "बरा दिवस असेल तरच ने. नाहीतर मी आल्यावर पुढची तारीख घेऊ. उजळणी चुकवू नकोस."

त्या सकाळी बाबांनी सदऱ्याच्या बाहीत डोकं घातलं आणि आतूनच विचारलं, "पोरं उठली का?" धुकं इतकं दाट की पुष्पलताला वाटलं, याहून वाईट दिवस मागूनही मिळायचा नाही. तिने फळीवरचं पाकीट पिशवीत टाकलं आणि मंगळ्याला हाक मारली.

एसटीत बाबा बसेनात. खांबाला धरून उभे.

"बाबा, बसा ना. जागा आहे," कंडक्टर म्हणाला.

"पोरांना बसू दे आधी."

कंडक्टरने मागेपुढे पाहिलं. "कुठली पोरं?"

"ही दोन. हाफ तिकीट घे यांचं."

गाडीतली माणसं वळून बघायला लागली. एरवी पुष्पलता लाजेने अर्धी झाली असती. पण तिला आता सगळ्याचाच इतका कंटाळा आला होता की लाजही तिच्याकडून होईना. "दादा, त्या पोरांचा पास आहे," ती कंडक्टरला म्हणाली. आणि बाबांना, "खिडकीशी बसवलीत दोघांना. तुम्ही कडेला बसा." बाबा बसले. मंगळ्या खाली मान घालून हसत होता. तिने त्याला कोपराने ढोसलं, मग तीही हसली, बऱ्याच दिवसांनी.

नाशिकला बाबांना मंगळ्याने धरून आत आणलं. बाई खुर्चीतून उठल्याच. "हे तेच?"

त्यांनी पुन्हा प्रश्न विचारले, या वेळी वेगळे. महिना नाही, वार नाही. घड्याळात पावणेतीन दाखवा म्हणाल्या. बाबांनी भाकरी काढली, आकडे एका कडेला लोटले आणि त्यांत अकरा वाजून दहाच्या दोन रेघा ओढून पेन्सिल खाली ठेवली, आज्ञाधारक पोरासारखी. पण मघाशी सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी केळं आणि चावी त्यांनी बरोबर सांगितली. तिसरीला अडले, तेव्हा "अंगावर घेतात" म्हटल्यावर लगेच म्हणाले, "घोंगडी."

"आठवण टिकून आहे," बाई स्वतःशीच बोलल्या. "नजरेचा अंदाज गेलाय. मागच्या वेळी घड्याळ कसं काढलं मग यांनी?"

"शिकवलं होतं," पुष्पलता म्हणाली.

"कोणी?"

"यांच्या मुलानं. शिक्षक आहेत ते. शंभर टक्के निकाल असतो त्यांचा."

मग पुष्पलता बोलायलाच लागली. कणगीवरची पोरं, चहाचा कप, लख्ख दिवस आणि धुक्याचे दिवस, चुलीपाशी झोपणारी सासू, रानडुकरं. सगळं एका दमात. शेवटी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "ही दिली की ओंडका होतात. इंजेक्शनने तर पायच गेला."

बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि ते टेबलावर उपडं ठेवलं.

"ताई, हा विसरण्याचा नेहमीचा आजार नाही. झटक्यांचाही नाही. याला लेवी बॉडी म्हणतात. यात माणसं दिसतात, दिवस वरखाली होतात, चाल जखडते, झोपेत हातपाय चालतात. आणि यात ही गोळी चालत नाही. माणूस असाच आखडतो. जीवसुद्धा जातो."

"फोटोत नव्हतं दिसलं?"

"फोटो मला काय नाही एवढंच सांगतो. काय आहे ते घरच्यांनी सांगायचं असतं. मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो," पुष्पलता म्हणाली. याच खुर्चीवर बसून तिने पदर सारखा केला होता.

"ही आजपासून बंद. दुसरी देते, तिने धुकं थोडं कमी होईल. बरं होणार नाही. पोरांशी भांडू नका, त्रास देत नसतील तर राहू दे."

"त्यांना चहा देते मी."

"मग द्या," बाई म्हणाल्या.

"पाय येईल का परत?"

बाईंनी बाबांचा गुडघा वाकवून पाहिला, पोटरी दाबली, पाऊल उचलायला लावलं. "थोडा सुटेल. शेत विसरा."

गुरुजी परतले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गुणांचा. किती पडले ते ऐकल्यावर ओसरीवर बसून राहिले. "नापास करून आणलंस माणसाला," ते म्हणाले.

"हो. आणि पाकीट तिथंच ठेवून आले."

"साखरशेतला कळलं तर?"

कळायला फार वेळ लागला नाही. वैशाखात साखरशेतची माणसं बोलणी पक्की करायला आली. गुरुजींनी बाबांना मागच्या खोलीत बसवलं होतं, पण नवीन औषधाने बाबांना जरा तरतरी आलेली. पाय ओढत, भिंत धरत ते बाहेर आले आणि मास्तरांच्या बायकोपुढे उभे राहिले.

"बाई, जरा सरका. पोराच्या पायावर बसलात."

गुरुजींनी डोळे मिटले. बाई मात्र उठल्या, वीतभर सरकल्या आणि परत बसल्या. "लागलं नाही ना त्याला?" त्यांनी विचारलं.

"नाय, बरा हाय," बाबा म्हणाले.

मग बाई पुष्पलताकडे वळल्या. "किती दिवस झाले? आमच्या आईला साप दिसायचे. आम्ही कोणाला सांगितलं नाही, बांधून ठेवायचो. म्हणून तर विचारलं होतं मी तुम्हाला, त्या वेळी. वाटलं, तुम्ही तरी सांगाल." सुपारी कातरायला घेऊन त्यांनी लग्नाची तारीख विचारली.

तर हिशोब असा बसला. साखरशेतने काही मागितलं नव्हतं, त्यांना काही द्यावंही लागलं नाही. गुरुजींचं नाव गेलं नाही. त्यांच्या शाळेचा निकाल त्या वर्षीही पुरा लागला. पुष्पलताच्या नावावर "आहेत बरे" हे दोन शब्द निघतात, ते ती अजून फेडते आहे, बाबांना रोज हाताला धरून ओसरीपासून परसापर्यंत आणि परत. कणगीवरच्या पोरांचा चहा तसाच चालू आहे. पास होण्याचं मोल भरलं ते बाबांनी, उजव्या पायाने. आणि पावसाळ्यात समोरच्या उतारावर मंगळ्या नागली लावतो, तेव्हा ते दारातून बघत बसतात आणि कधी लख्ख दिवस असला तर ओरडून सांगतात, "अरं, दाट झाली. विरळ कर."